झाकणाच्या आतला आकडा

मी एक जुनी गाडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने खुनशी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. त्यात फाटकी छत्री सगळ्यांना क्षमा करते, मोडकी खुर्ची आशीर्वाद देते आणि शेवटी वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझं कोणी वाईट केलं की मी ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. बारा वर्षांपूर्वी ज्याने माझ्या डाव्या दाराला सायकल घासली, त्याला मी आजही गर्दीतून ओळखून काढते. ही माझ्या एका सूडाची गोष्ट आहे. सूड मी घेतला, अगदी पुरेपूर घेतला. तो कुणाच्या अंगावर जाऊन पडला तेवढं ऐका, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

पण आधी माझी थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर मी एवढी का पेटले ते तुम्हाला कळायचं नाही. माझ्या इंजिनात चार खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक पिस्टन वरखाली करतो. वर येताना तो पेट्रोलची वाफ आणि हवा अशी काही दाबतो, की दहा जणांच्या बाकावर शंभर जणांनी बसावं. मग ठरलेल्या क्षणी ठिणगी पडते, वाफ पेटते, पिस्टन खाली ढकलला जातो आणि मी पळते. साध्या गाड्यांत हा दाब कमी असतो. माझ्या कारखान्याने माझ्यात तो मुद्दाम जास्त ठेवला, कारण मला चढ चढायचे होते. आता दाब जास्त म्हटल्यावर पेट्रोललाही सबुरी हवी. कितीही दाबलं तरी ठिणगीची आग पोहोचेपर्यंत त्याने गप्प बसायला हवं. पंपावर पेट्रोलला जे आकडे दिलेले असतात, एक्याण्णव, पंच्याण्णव, ते त्या सबुरीचे आकडे. लोकांना वाटतं ते ताकदीचे! कसली ताकद नि कसलं काय. मोठ्या आकड्याचं पेट्रोल घातलं म्हणून कुठल्याही गाडीला पंख फुटत नाहीत. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला मोठा आकडा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

माझा आकडा पंच्याण्णव. पेट्रोल भरतात त्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो छापलेला होता, वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येईल असा.

मला विकत घेतलं ते एका घड्याळजींनी. सगळा गाव त्यांना घड्याळजीच म्हणे, घरात ते बाबा होते, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. त्यांनी मला घेताना रंग पाहिला नाही, गाद्या दाबून पाहिल्या नाहीत. विक्रेत्याला म्हणाले, “सुरू करा आणि जरा गप्प बसा.” मग डोळे मिटून, मान तिरकी करून माझा आवाज ऐकत राहिले. चांगली पाच मिनिटं ऐकलं. “हिची वेळ अगदी बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि मी त्यांची झाले.

मित्रांनो, कान असावा तर बाबांसारखा. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून हलवलं की कुठलं चाक अडलंय ते त्यांना उघडायच्या आधी कळायचं. एकदा घरात भिंतीला ओल आली. गवंडी इथे फोडू की तिथे फोडू करत होता. बाबांनी भिंतीला कान लावला, पेन्सिलने फुली मारली आणि नळी नेमकी त्या फुलीखाली गळत होती. तेव्हापासून घरात कशावरही वाद झाला, की शेवटचा शब्द बाबांच्या कानाचा. पंखा कुरकुरतोय का, खोकला घशातला की छातीतला, सगळं बाबांना विचारायचं. बाबांनी आवाज आहे म्हटलं म्हणजे आहे आणि नाही म्हटलं म्हणजे नाही. हे घराचं वळणच पडून गेलं होतं.

दर सोमवारी सकाळी आम्ही दोघं टेकडीवर जायचो. टेकडीच्या माथ्यावर दगडी मनोरा आहे आणि मनोऱ्यात एक जंगी घड्याळ. त्याला आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागते. ती चावी एकतीस वर्षं बाबांनीच दिली. मनोऱ्याची लोखंडी किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात असायची. ती त्यांनी आपल्या लेकीच्याही हातात कधी दिली नव्हती, आणि लेक तर दुकानात त्यांच्याच शेजारी बसून घड्याळं दुरुस्त करायची. टेकडीला सात वळणं आणि चढ असा, की चांगल्या चांगल्या गाड्यांच्या नाकी नऊ यावेत. मी मात्र गाणं म्हणत चढायची. बाबा खिडकीच्या काचा खाली करून ऐकायचे आणि चौथ्या वळणावर हमखास म्हणायचे, “शाब्बास गं बये!”

पेट्रोल भरायची त्यांची एक पद्धत होती. पंपावर ते स्वतः खाली उतरत, माझं झाकण स्वतः उघडत आणि पंपावरच्या माणसाला म्हणत, “आधी वाच. मोठ्याने.” तो बिचारा वाचायचा, “पंच्याण्णव.” बाबा म्हणायचे, “आता भर.” काही जण हसायचे, काही वैतागायचे, पण वाचल्याशिवाय सुटका नव्हती. पुढे छापलेला आकडा पुसट झाला, तेव्हा घड्याळाच्या तबकडीवर आकडे काढायच्या बारीक कुंचल्याने बाबांनी तो पुन्हा काढला. इतका सुरेख, की मला झाकण उघडं ठेवूनच हिंडावंसं वाटायचं.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, आणि माझं चाक जावईबापूंच्या हातात गेलं.

जावईबापू म्हणजे लेकीचा नवरा. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस आहेत. खोक्यांवरची लेबलं बरोबर लागली आहेत की नाहीत हे बघायचं, हेच त्यांचं काम. दिवसभर लोकांच्या खोक्यांवरची लेबलं वाचायची, आणि माझ्या झाकणाच्या आत एकदा डोकावायचं म्हटलं तर तेवढं होईना! पंपावर ते आत बसल्या बसल्या काच खाली करत आणि फोनमध्ये बघतच म्हणत, “साधं. टाकी फुल्ल.” साधं म्हणजे एक्याण्णव. पंपावरचा माणूस झाकण उघडायचा, आकडा बघायचा, पण मालकच म्हणतोय म्हटल्यावर त्याला काय पडलंय!

आणि खरी आग पुढे आहे. जावईबापूंची स्वतःची एक गाडी होती, निळी, लहानशी, नवी कोरी. तिच्यात ते पंच्याण्णव भरायचे! तिच्या झाकणाच्या आत स्वच्छ अक्षरात एक्याण्णव लिहिलेलं. तिला त्या महागड्या पेट्रोलचा काडीचा उपयोग नव्हता, ती त्याने ना जोरात पळायची ना कमी पेट्रोल खायची. तरी लेकीने एकदा विचारलं, “अहो, हिला वेगळं आणि तिला वेगळं का हो भरता?” तर म्हणाले, “नव्या गाडीला चांगलं घालावं गं. ही काय, म्हातारी झाली. दात पडलेल्याला बदाम कशाला?”

मी अंगणातच उभी होते. ऐकलं. कानामागून आली ती तिखट झाली, आणि मी म्हातारी! त्याच दिवशी मी डूख धरला.

साध्या पेट्रोलने माझ्या पोटात काय होतं ते सांगते. त्याला दाब सोसत नाही. ठिणगीची आग पोहोचायच्या आधीच ते कोपऱ्यात कुठेतरी आपलं आपण भडकतं. पिस्टन अजून वर येतोय आणि त्याच्या डोक्यात वरून हातोडा बसतो. सपाट रस्त्यावर ते निभावून जातं. चढावर, उन्हात, गाडीत माणसं असली की मात्र दर क्षणाला हातोडे. बाहेर आवाज येतो तो पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. नव्या गाड्यांच्या इंजिनाला म्हणे एक छोटासा कान बसवलेला असतो. असा आवाज आला की तो ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागेपुढे करून घेतो. मी जुनी, मला तसला कान नाही. माझा कान म्हणजे बाबा.

म्हणून मी पहिल्या सोमवारी घाबरले नाही. शेजारी बाबा बसले होते. दुसऱ्या वळणावर मी जी ओरडायला लागले, ती चौथ्यापर्यंत थांबले नाही. जावईबापूंनासुद्धा ऐकू आलं. ते म्हणाले, “बाबा, काहीतरी खडखडतंय का हो?”

बाबा त्यांच्याकडे वळले. मी वाट बघत होते. आता हे गाडी थांबवायला लावतील, उतरतील, झाकण उघडतील आणि जावईबापूंची अशी खरडपट्टी काढतील की बघायला मजा येईल.

“कुठे?” बाबा म्हणाले. “काही नाही. छान चाललीय.”

जावईबापूंनी खांदे उडवले आणि गाडी पुढे दामटली. बाबांनी नाही म्हटलं, म्हणजे आवाज नाही. विषय संपला.

माझा मात्र विश्वास बसेना. जावईबापूंचं काय, ते अडाणी. पण बाबा? ज्यांनी पाच मिनिटं डोळे मिटून मला ऐकलं होतं, ते? पुढच्या सोमवारी मी आणखी जोरात ओरडले. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. काचाही आता खाली करेनात, आणि चौथ्या वळणावरचं ‘शाब्बास’ तर कधीच बंद झालं होतं. मी म्हटलं, असं आहे होय? माझ्यावर खर्च करायचा नाही म्हणून सासऱ्या-जावयांनी संगनमत केलंय. माझ्या मरणाकडे हा माणूस चक्क कानाडोळा करतोय.

जावईबापूंवर मी किरकोळ सूड उगवत होते. ऊन अडवायची पट्टी नेमकी वळणावर त्यांच्या नाकावर पाडायची. काच धुवायचं पाणी धुतलेल्या शर्टावर उडवायचं. पण बाबांसाठी असलं किरकोळ काही मला नको होतं. त्यांच्या वर्मावर घाव घालायचा होता, आणि मी सात महिने वाट बघितली.

मग ती वेळ चालून आली. त्या वर्षी मनोऱ्याचं घड्याळ मागे पडू लागलं होतं. आज चार मिनिटं, उद्या सात. बाराचे ठोके कधी बारा वाजून गेल्यावर पडायचे, कधी पडायचेच नाहीत. लोकांनी तक्रारी केल्या, आणि ज्या समितीकडे मनोरा होता तिचं पत्र आलं. येत्या सोमवारी दुपारी बारा वाजता समितीची माणसं टेकडीवर येतील. ठोके वेळेवर पडले तर घड्याळ आणि किल्ली पूर्वीसारखी घड्याळजींकडे राहील. नाही पडले तर जुनं घड्याळ उतरवून बॅटरीवरचं बसवलं जाईल.

हे पत्र बाबांनी माझ्यात बसून वाचलं. घडी घालून किल्लीच्याच खिशात ठेवलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, तरी म्हणाले, “मनोरा गेला तर मी सोमवारी करू काय?”

मित्रांनो, तेव्हा मला दया यायला हवी होती. मला आनंद झाला. मी सोमवार नक्की करून टाकला.

त्या दिवशी लेकही बरोबर निघाली. एवढी मोठी परीक्षा आणि बाबांचा गुडघा असा, जिना चढायला हात द्यावा लागेल म्हणून तिने दुकान बंद ठेवलं. मागच्या सीटवर ती, तिच्याशेजारी हत्यारांची जड पेटी, पुढे बाबा आणि चाकावर जावईबापू. ऊन भाजून काढत होतं. आदल्याच दिवशी माझी टाकी गळ्यापर्यंत साध्या पेट्रोलने भरली होती. सूड घ्यायला याहून चांगला मुहूर्त कुठून मिळणार!

पहिल्या वळणापासून मी सुरू झाले. लेकीच्या हाताखालून रोज घड्याळं जातात, कान तिचाही तयार. ती दचकून पुढे वाकली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, हा आवाज कसला?”

बाबा मागे वळले, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसून म्हणाले, “कसला? काही नाही. छान चाललीय.”

तिला आवाज ऐकू येत होता. तिच्या पायाखाली पत्रा थरथरत होता. तरी ती मागे टेकून बसली. नवऱ्याला हळूच म्हणाली, “मला उगीचच वाटलं.” स्वतःच्या कानापेक्षा तिला बाबांचा कान खरा! तिचं ते वाक्य ऐकून माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. म्हटलं, थांबा. चौथं वळण येऊ दे.

चौथ्या वळणावर मी सोडून दिलं. सात महिने दात-ओठ खाऊन सांभाळलेला तिसऱ्या खोलीतला पिस्टन मी जाऊ दिला. धाडकन आवाज झाला, मागून निळा धूर निघाला आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले ती राहिलेच. मला आणखी एक चढ रेटता आला असता का? आला असता. खोटं कशाला बोलू?

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाबा खाली उतरले आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. जावईबापूंनी खालच्या नाक्यावरच्या मिस्त्रीला फोन लावला. तो मोटरसायकलवरून वीस मिनिटांत आला. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाला, “घ्या. लावा चावी.” जावईबापूंनी चावी फिरवली. मी जे काही ओरडले ते ऐकून झाडावरची पाखरं उडाली.

“बंद करा, बंद करा!” मिस्त्री बॉनेटमधूनच बोलू लागला. “पिस्टन गेला. अहो घड्याळजी, हे आजचं दुखणं नाही. नॉकिंग आहे हे, आत हातोडे बसतायत. सहा-सात महिने तरी ही बोंबलत असणार. शेंबड्या पोराला कळलं असतं, आणि तुमच्यासारख्या माणसाने चालू दिलं?”

बाबा काही बोलले नाहीत. ते रस्त्याच्या वरच्या अंगाला बघत होते.

“घड्याळजी, तुमच्याशी बोलतोय मी.”

तरी नाही. शेवटी लेक त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, “बाबा, मिस्त्री काय म्हणाले?”

बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, मग माझ्याकडे. सत्तरीचा माणूस, पण गृहपाठ न केलेल्या मुलासारखा उभा होता.

“नाही ऐकू आलं मला,” ते म्हणाले. “वर्ष झालं. माणसं समोर असली तर तोंडावरून कळतं. बाकी काही नाही येत.”

“आणि गाडीचा आवाज?”

“गाडीचाही नाही. मनोऱ्याचाही नाही. ते घड्याळ लंगडतंय, एवढं काट्यांवरून कळतं. बोटांनी लावून बघितलं. नाही जमलं गं.”

मित्रांनो, मी सात महिने ज्या माणसावर दात धरून होते, त्याने माझी एकही हाक ऐकली नव्हती. मी ओरडत होते आणि तो माणूस शांततेत बसून सोमवार मोजत होता. त्याने ‘शाब्बास’ म्हणायचं सोडलं, कारण शाबासकी द्यायला त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नव्हतं. काचा खाली केल्या नाहीत, कारण केल्या काय आणि न केल्या काय. आणि त्याची राहिलेली एकच गोष्ट मी हेरून, दिवस धरून मोडली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण चार चाकं रुतलेली, जाते कुठे!

साडेअकरा होऊन गेले होते. मिस्त्रीच्या मोटरसायकलवर मागे एकाचीच जागा होती. तो म्हणाला, “बसा घड्याळजी. गुडघा जरा सांभाळून बसा, मी वर सोडतो.”

बाबांनी आतल्या खिशात हात घातला. लोखंडी किल्ली बाहेर काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

“तू जा.”

“बाबा, अहो तुमचं घड्याळ आहे ते. तुम्ही जा. मी चालत येते मागून.”

“मी जाऊन काय करू? बघत बसू?” बाबांचा आवाज चढला. तो किती चढला हे त्यांना कळत नव्हतं. “टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं नाही त्याचं. लंबकाच्या वरचा स्क्रू केसभर फिरवायचा. आधी चावी दे, मग कान लाव. सारखं ऐकू आलं की काटे वेळेवर आण आणि हात काढ.” मग ते म्हणाले, “आणि मघाशी केलंस तसं करू नको. तुला ऐकू येतंय ते खरं मान.”

लेकीने किल्ली मुठीत धरली आणि हत्यारांतलं हवं तेवढं पिशवीत कोंबून ती मागे बसली. मोटरसायकल सुरू करता करता मिस्त्री जावईबापूंवर खेकसला, “तोवर पेट्रोलचं झाकण उघडा, आत काय लिहिलंय ते वाचा, आणि तुम्ही काय भरत होतात ते आल्यावर मला सांगा!”

जावईबापूंनी झाकण उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाबांच्या हातचा तो सुरेख आकडा त्यांनी वाचला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की सात महिने मी ज्या क्षणाची स्वप्नं बघितली तो हाच क्षण होता. पण गोड लागेना. ते म्हणाले, “बाबा, चूक माझी आहे.” बाबांची पाठ होती. मग ते गाडीला वळसा घालून बाबांच्या समोर आले आणि हळूहळू, एक एक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाले, “बाबा, चूक माझी आहे. मी साधं भरत होतो. वाचलंच नाही कधी.”

बाबा म्हणाले, “तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत मला. मी नाही म्हटलं. कळलं नाही म्हणायची लाज वाटली.”

आता मला सांगा, सूड घ्यायचा तर समोरचा माणूस जरा बरा दुष्ट तरी निघावा की नाही? हे दोघं एकमेकांची चूक आपल्या अंगावर ओढून घ्यायला बसले! मी तिथे धूर सोडत उभी, आणि माझ्या वाट्याला कोणी एक शत्रू शिल्लक ठेवला नाही.

दोघंही माझ्या बॉनेटला टेकून उभे राहिले. वळणावरून मनोरा दिसत नाही, मध्ये टेकडीचा खांदा येतो. बाबा मनगटावरच्या घड्याळातला सेकंदकाटा बघत होते. बाराला एक मिनिट उरलं. अर्धं उरलं. काटा वर आला.

वरून ठोका पडला. स्वच्छ, भरदार, एका क्षणाचीही चूक नाही. मला माझ्या पत्र्यात जाणवला.

बाबांनी मान वर केली. “वाजतंय का हो?” त्यांनी विचारलं.

 जावईबापूंनी बाबांच्या डोळ्यांसमोर हात धरला आणि एक बोट वर केलं. दुसरा ठोका पडला, दुसरं बोट. तिसरा, तिसरं. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा त्यांनी दोन्ही मुठी मिटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून एक बोट वर केलं. मग दुसरं. बाबा त्या बोटांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ मोजत होते. बारा झाल्यावर त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट अजून चटका बसेल इतकं तापलेलं होतं, पण त्यांनी हात उचलला नाही.

“मला सांगायला हिलाही ओरडावंच लागलं,” ते म्हणाले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. घड्याळ मनोऱ्यातच राहिलं. किल्ली आता लेकीच्या खिशात असते. मला नवा पिस्टन बसला. मिस्त्रीने सांगितलं, आता हिच्यात पुन्हा साधं घातलंत तर माझ्याकडे आणू नका. निळ्या धाकटीला तिचं एक्याण्णव मिळू लागलं आणि तिचं काहीसुद्धा बिघडलं नाही, उलट जावईबापूंचे पैसे वाचतात.

तेव्हा मित्रांनो, शेवटी विनंती करायची असते ती करते, पण माझ्या पद्धतीने. तुमच्या गाडीच्या झाकणाच्या आत एक आकडा लिहिलेला आहे. तो वाचा. नवी-जुनी बघून भरू नका, भारी-हलकं बघून भरू नका. लिहिलंय त्याच्या खालचं तर अजिबात नको, आणि वरचं भरून मिरवायची गरज नाही. नाही वाचलंत, तर आम्ही लक्षात ठेवतो, आणि दिवस आम्ही ठरवतो. पण एक माझ्याबद्दलही कबूल करते. ठिणगीची आग पोहोचायच्या आधी पेटतं म्हणून ज्या पेट्रोलला मी शिव्या घातल्या, तेच मीही केलं. त्या माणसाला ऐकू येतं की नाही, हे विचारायच्या आधीच मी भडकले. तुम्ही कुणावर डूख धराल, तेव्हा आधी त्याच्या समोर जाऊन उभं राहा.

अजूनही दर सोमवारी आम्ही चौघं टेकडीवर जातो. बाबा पुढेच बसतात आणि तळहात माझ्या पत्र्यावर टेकवून ठेवतात. त्यांना माझा आवाज आता हाताला कळतो म्हणे. वाटेत पंप लागतो. जावईबापू खाली उतरतात, झाकण स्वतः उघडतात आणि पंपावरच्या माणसाला म्हणतात, “आधी वाच. मोठ्याने.”

“पंच्याण्णव.”

“असं नाही. तिकडे पुढे जा, त्यांच्या समोर उभा राहा आणि सांग.”

तो बिचारा पुढे येतो, खिडकीशी वाकतो आणि घसा ताणून ओरडतो, “पंच्याण्णव!” सगळा पंप वळून बघतो. बाबा त्याच्या तोंडाकडे नीट बघतात आणि मान हलवून म्हणतात, “आता भर.”

जावईबापू परत येऊन चाकावर बसतात. चौथ्या वळणावर मी ती ऊन अडवायची पट्टी अजून त्यांच्या नाकावर पाडते. ते नाक चोळतात, बाबा हसतात, आणि मग माझ्या पत्र्यावर दोनदा थाप मारून म्हणतात, “शाब्बास गं बये!”